हात पुन्हा शिकतो : फलटणच्या एका शाळेच्या नावामागचा इतिहास

१.
फलटण म्हटले की इतिहासाच्या अभ्यासकांना नाईक-निंबाळकरांचे संस्थान आठवते. सईबाईसाहेबांचे माहेर, मुधोजी मनमोहन राजवाडा, श्रीराम मंदिर, महानुभावांची श्रद्धास्थाने. या साऱ्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. आजचा थ्रेड मात्र याच गावातील एका शाळेच्या नावापासून सुरू होतो. शाळेचे नाव आहे 'कमला निंबकर बालभवन'. थ्रेड दीर्घ आहे, सवडीने वाचावा.

२.
आधी एक खुलासा. निंबकर आणि निंबाळकर ही दोन वेगळी आडनावे आहेत. अनेकांचा येथे गोंधळ होतो. कमला निंबकर या जन्माने अमेरिकन होत्या. त्यांचे मूळ नाव एलिझाबेथ लंडी. पोलिओ, पक्षाघात, मेंदूची किंवा मज्जारज्जूची इजा यांमुळे ज्यांचे हातपाय दुबळे होतात, अशा माणसांना पुन्हा आपल्या कामाला लावणारी एक विद्या आहे. ती भारतात रुजवणाऱ्यांत त्यांचे नाव पहिले घ्यावे लागते.

३.
मग हे नाव फलटणला कसे आले? कमलाबाईंचे पुत्र बनबिहारी निंबकर हे शेतीच्या ओढीने फलटणला स्थायिक झाले आणि १९६८ साली त्यांनी तेथे निंबकर कृषी संशोधन संस्था स्थापन केली. त्यांच्या पत्नी म्हणजे लेखिका जाई निंबकर, इरावती कर्वे यांच्या कन्या. पुढे भाषाशास्त्रज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणमध्ये प्रगत शिक्षण संस्था उभी केली आणि १९८६ मध्ये त्या संस्थेची जी शाळा सुरू झाली, तिला कमलाबाईंचे नाव मिळाले. नाव गावाच्या ओळखीचे झाले. त्यामागचे कार्य मात्र फारसे कोणाला ठाऊक नाही.

४.
दोन शब्द आधी समजून घेऊ : भौतिकोपचार आणि व्यवसायोपचार. पक्षाघात झालेल्या माणसाचा तोल, चाल, खांद्याची नि गुडघ्याची हालचाल, स्नायूंची ताकद यांवर काम करतो तो भौतिकोपचार, म्हणजे आपली फिजिओथेरपी. त्याच माणसाला सदऱ्याची गुंडी लावता यावी, भाकरीचा तुकडा मोडता यावा, पाण्याचा तांब्या उचलता यावा, यासाठी झटतो तो व्यवसायोपचार, म्हणजेच ऑक्युपेशनल थेरपी. येथे 'व्यवसाय' म्हणजे केवळ पोटापाण्याचा धंदा नव्हे. माणसाचा दिवस ज्या ज्या कृतींनी भरलेला असतो, त्या सर्व.

५.
या दोन्ही विद्यांपुढे एक मूलभूत प्रश्न पहिल्यापासून उभा होता. कातडी फाटली तर भरून येते, हाड मोडले तर जुळते. पण मेंदूतील मृत पेशींच्या जागी तशा नव्या पेशी येऊन गेलेला भाग भरून निघत नाही. मग व्यायामाने माणूस सुधारतो तो कसा? आणि तो व्यायामामुळेच सुधारला, आपोआप नव्हे, हे सिद्ध कसे करायचे? गेल्या शतकाचे संशोधन या दोन प्रश्नांभोवती फिरत आले आहे. आजच्या थ्रेडचा विषय तोच.

६.
या कथेचे एक मूळ इंग्लंडमध्ये आहे. १७९६ साली यॉर्क येथे विल्यम ट्यूक या क्वेकर व्यापाऱ्याने मनोरुग्णांसाठी 'रिट्रीट' नावाचे आश्रयस्थान उघडले. क्वेकर हा साधेपणा, श्रम आणि अहिंसा यांना मानणारा ख्रिस्ती पंथ. त्या काळी मनोरुग्णांना साखळदंडांत ठेवण्याची रीत होती. ट्यूक यांनी त्यांना बागकाम, शिवणकाम, घरकाम दिले. कामात गुंतलेले मन सावरते, हा त्यामागचा विचार. अमेरिकेतील क्वेकरांनीही हाच मार्ग धरला आणि १८१७ मध्ये फिलाडेल्फियाजवळ त्यांचे तसेच रुग्णालय सुरू झाले.

७.
बरोबर शंभर वर्षांनी, १९१७ साली, अमेरिकेत व्यवसायोपचाराची पहिली राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. पहिले महायुद्ध चालू होते. जखमी सैनिक रुग्णालयांत महिनोन् महिने पडून असत. त्यांच्यासाठी तरुण स्त्रियांना प्रशिक्षण देऊन 'पुनर्रचना सहायिका' म्हणून नेमण्यात आले. कोणी सैनिकांच्या स्नायूंना व्यायाम देई, कोणी त्यांच्या हाती सुतारकाम, वेतकाम किंवा हातमाग देई. पहिल्या गटातून अमेरिकेत भौतिकोपचार वाढला, दुसऱ्यातून व्यवसायोपचार. १९१८ मध्ये फिलाडेल्फियात व्यवसायोपचाराचे विद्यालय निघाले. पुढे हेच विद्यालय आपल्या कथेत महत्त्वाचे ठरणार आहे.

८.
एलिझाबेथ लंडी यांचा जन्म १९०० सालचा, न्यू जर्सी राज्यातील क्वेकर कुटुंबातला. विष्णू निंबकर यांच्याशी विवाह करून १९३०च्या सुमारास त्या भारतात आल्या आणि कमला निंबकर झाल्या. मुंबईत त्यांनी लहान मुलांची शाळा चालवली. हातांनी काम करता करता शिकणे ही कल्पना त्या काळी भारतातही जोर धरत होती; गांधीजींची नई तालीम वर्ध्याच्या १९३७च्या परिषदेतून पुढे आली. चरख्यावर बसलेले मूल आणि मागावर बसलेला जखमी सैनिक यांच्यामागे एकच श्रद्धा दिसते : हात कामाला लागला की माणूस उभा राहतो.

९.
पण श्रद्धा आणि शास्त्र यांत अंतर असते. ते शास्त्र शिकण्यासाठी कमलाबाई दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेला परत गेल्या आणि फिलाडेल्फियाच्या त्याच विद्यालयात विद्यार्थिनी म्हणून दाखल झाल्या. त्या वेळी त्यांचे वय पंचेचाळिशीच्या पुढे होते. ज्या वयात अनेकजण निवृत्तीचा हिशेब मांडू लागतात, त्या वयात त्या शरीररचनेचे धडे गिरवत होत्या. अभ्यास संपवून त्या मुंबईला परतल्या, तेव्हा शहराला त्यांच्या विद्येची नितांत गरज होती.

१०.
कारण होते पोलिओ. १९४९ साली मुंबईत पोलिओची साथ आली. त्याआधीच, १९४७ मध्ये, फातिमा इस्माईल यांनी पोलिओग्रस्त मुलांसाठी मुंबईत काम सुरू केले होते. त्यांची स्वतःची मुलगी पोलिओने आजारी पडली आणि तिच्यासाठी उपचार शोधताना या देशात अशा मुलांसाठी सोयच नाही, हे त्यांच्या ध्यानी आले. हाजी अलीजवळचे मुलांचे पुनर्वसन रुग्णालय त्यांच्याच संस्थेतून उभे राहिले. एका आईच्या गरजेतून संस्था जन्मते, हा आपल्या वैद्यकीय इतिहासात वारंवार दिसणारा क्रम आहे.

११.
पोलिओ हा स्नायूंचा रोग वाटतो, प्रत्यक्षात तो मज्जासंस्थेचा आहे. त्याचा विषाणू मज्जारज्जूतील चेतापेशींवर हल्ला करतो. या पेशी स्नायूंना 'हल' अशी आज्ञा देणाऱ्या. पेशी मेली की तिच्या ताब्यातले स्नायुतंतू पोरके होतात. मात्र शेजारच्या वाचलेल्या पेशी नवे धुमारे फोडतात आणि त्या पोरक्या तंतूंपैकी काहींना दत्तक घेतात. म्हणून पोलिओनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत बळ थोडेफार परत येते. पण किती परत आले, हे मोजायचे कसे?

१२.
मोजमापाची ही वाट १९१०च्या दशकात बोस्टनला सापडली. शल्यचिकित्सक रॉबर्ट लॉवेट आणि त्यांच्या सहायक विल्हेल्मिन राईट यांनी प्रत्येक स्नायूला हाताने तपासून गुण देण्याची पद्धत बसवली. स्नायू मुळीच हलत नाही, हलतो पण स्वतःचे वजन उचलत नाही, वजन उचलतो, तपासणाऱ्याच्या दाबालाही दाद देत नाही, अशी ती चढती पायरी. आजही कोणत्याही रुग्णालयात शून्य ते पाच असे गुण याच विचाराने लिहितात. महागडे यंत्र नाही, केवळ शिकलेला हात आणि टिपणवही. संशोधनाची सुरुवात अशीच होते : आधी मोजणे, मग बोलणे.

१३.
पोलिओवरच्या उपचाराचा सर्वांत गाजलेला वाद एलिझाबेथ केनी या ऑस्ट्रेलियन परिचारिकेने पेटवला. डॉक्टर त्या काळी पोलिओग्रस्त हातपाय फळ्यांना बांधून किंवा प्लास्टरमध्ये ठेवून निश्चल करत; अन्यथा ते वाकडे होतील, अशी भीती असे. केनीबाईंनी फळ्या काढल्या, गरम लोकरीच्या घड्यांनी आखडलेले स्नायू शेकले आणि लवकर हालचाल सुरू केली. वैद्यकीय जगताने प्रथम त्यांची टर उडवली. १९४० मध्ये त्या अमेरिकेत गेल्या आणि काही वर्षांतच त्यांची पद्धत तेथे सर्वत्र पसरली.

१४.
येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने थांबून विचार करावा. केनीबाईंनी रोगाचे जे स्पष्टीकरण दिले होते, ते शास्त्राच्या कसोटीला उतरले नाही. पोलिओचे मूळ मज्जारज्जूत आहे हे डॉक्टरांचे म्हणणे बरोबर होते; पण उपचारात केनीबाईंचे पाऊल अधिक योग्य पडले. रुग्णाला गुण येणे आणि तो का येतो हे कळणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीवरून दुसरी गृहीत धरली की फसगत होते. हे सूत्र लक्षात ठेवावे. थ्रेडच्या अखेरीस त्याची गरज पडेल.

१५.
१९५० साली मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात कमलाबाईंनी व्यवसायोपचाराचे प्रशिक्षण विद्यालय सुरू केले. आशियातील हे पहिले विद्यालय मानले जाते. अडचणींची कल्पना करावी. या विषयाला देशात नाव नव्हते, पद नव्हते, वेतनश्रेणी नव्हती. रुग्णाला मातीकाम, विणकाम किंवा सुतारकाम कशाला द्यायचे, हे अनेकांना आधी समजावून सांगावे लागे. काम हे येथे विरंगुळ्यासाठी नसते. कोणता स्नायू, कोणता सांधा, किती वेळ, कोणत्या क्रमाने हलवायचा, याचे गणित त्यामागे असते.

१६.
पुढची वर्षे वेगाने गेली. १९५२ मध्ये अखिल भारतीय व्यवसायोपचार संघटना स्थापन झाली. कमलाबाई तिच्या पहिल्या अध्यक्षा. त्याच वर्षी इंग्लंडमधील लिव्हरपूल येथे जागतिक महासंघाची पायाभरणी झाली आणि त्याच्या दहा संस्थापक देशांत भारताचे नाव आले. पाच वर्षांपूर्वी स्वतंत्र झालेला देश या विषयात अमेरिका, ब्रिटन, कॅनडा यांच्या पंक्तीला बसला. केईएममध्येच भौतिकोपचाराचे विद्यालयही याच सुमारास सुरू झाले. १९५५ मध्ये हाजी अलीला अखिल भारतीय संस्था आली. व्यवसायोपचाराचे शिक्षण पुढे नागपूरलाही पोचले.

१७.
आता मुंबईहून पुन्हा आपल्या मुलखाकडे येऊ. पोलिओखेरीज हातपाय लुळे पडण्याचे दुसरे मोठे कारण म्हणजे मज्जारज्जूची इजा : झाडावरून पडणे, विहिरीत कोसळणे, अपघात, आणि युद्ध. दुसऱ्या महायुद्धापर्यंत अशी इजा म्हणजे जवळपास मृत्यूची शिक्षाच होती. पाठीला पडणारी शय्याव्रणे आणि मूत्रमार्गाचे जंतुसंसर्ग हेच बहुतेकांचा बळी घेत. डॉक्टर हात टेकत आणि रुग्ण अंथरुणाला खिळून संपत असे.

१८.
हे चित्र पालटले लुडविग गुटमान यांनी. नाझी जर्मनीतून निसटलेले हे ज्यू मज्जातज्ज्ञ १९४४ मध्ये इंग्लंडमधील स्टोक मॅंडव्हिल रुग्णालयात मज्जारज्जू विभागाचे प्रमुख झाले. दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलायची, मूत्रमार्गाची कसोशीने काळजी घ्यायची आणि हातांना बळ येईल असे काम व खेळ द्यायचे, असा त्यांचा शिरस्ता. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, त्यांनी १६ जखमी माजी सैनिकांची धनुर्विद्येची स्पर्धा रुग्णालयाच्या हिरवळीवर भरवली. पॅरालिंपिकचा उगम तो.

१९.
याच परंपरेतून सांगली जिल्ह्यातील एक नाव जगापुढे आले. इस्लामपूरजवळच्या पेठ गावचे मुरलीकांत पेटकर. लष्करातील जवान, मुष्टियोद्धा. १९६५च्या युद्धात त्यांना अनेक गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे शरीर निकामी झाले. मुंबईच्या नौदल रुग्णालयात उपचारांचा भाग म्हणून ते पोहू लागले. पाण्यात शरीराचा भार बराचसा पाणीच पेलते. पाय साथ देत नसले तरी खांदे आणि दंड पूर्ण क्षमतेने काम करू शकतात. १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक मिळवले, तेही विश्वविक्रमासह.

२०.
ऑलिंपिक असो वा पॅरालिंपिक, भारताचे हे पहिले वैयक्तिक सुवर्ण. तरीही २०१८च्या पद्मश्रीपर्यंत आणि २०२४च्या चित्रपटापर्यंत देशातील फार थोड्यांना ते ठाऊक होते. पेटकरांची कथा जिद्दीची म्हणून सांगितली जाते, आणि ती जिद्दीची आहेच. पण तिच्यात आणखी एक गोष्ट आहे. जखमी जवानाला जगवणारी शुश्रूषा आणि त्याला पाण्यात उतरवणारा उपचार त्या रुग्णालयात उपलब्ध होता. गावच्या विहिरीत पडून जायबंदी झालेल्या शेतमजुराजवळही तेवढीच जिद्द असू शकते. त्याच्यापाशी ते रुग्णालय नसते.

२१.
१९७२ हेच वर्ष दुसऱ्या एका कारणासाठीही नोंदवावे. मिथू अलूर यांनी मुंबईत मेंदूच्या पक्षाघाताने बाधित मुलांसाठी शाळा काढली. तीच पुढे स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया म्हणून वाढली. येथेही प्रेरणा आपल्या लेकीची. जन्माच्या सुमारास मेंदूला इजा झालेल्या या मुलांना तोवर सामान्य शाळेत जागा नव्हती आणि उपचार व शिक्षण यांच्यात भिंत होती. या शाळेने भौतिकोपचार, व्यवसायोपचार, वाचा-उपचार आणि धडे एकाच छताखाली आणले.

२२.
इथवर आपण माणसे आणि संस्था पाहिल्या. पण मूळ प्रश्न अजून शिल्लक आहे : मेंदूत नेमके काय घडते? विसाव्या शतकाच्या आरंभी स्पेनचे थोर संशोधक सांतियागो रामोन इ काहाल यांनी मांडले होते की प्रौढ मेंदूतील चेतामार्ग ठरलेले असतात, त्यांत नवे काही घडत नाही. या मताचा दबदबा इतका होता की पक्षाघातानंतर काही महिन्यांत जे परत येईल तेवढेच आपले, पुढे प्रयत्न व्यर्थ, असे कित्येक दशके सांगितले गेले.

२३.
त्याला तडा गेला तो माकडांवरील प्रयोगांतून. १८९५ मध्ये इंग्लंडमध्ये मॉट आणि शेरिंग्टन यांनी माकडाच्या एका हाताची संवेदना वाहून नेणाऱ्या चेता कापल्या. हाताला आज्ञा पोचवणाऱ्या चेता शाबूत होत्या, तरी माकड तो हात वापरीना. निष्कर्ष निघाला : संवेदनेवाचून हालचाल अशक्य. साठेक वर्षांनी अमेरिकेत एडवर्ड टाउब यांनी एक साधी क्लृप्ती केली. माकडाचा चांगला हात बांधून ठेवला. आणि ते 'निकामी' हाताने खाऊ लागले!

२४.
टाउब यांनी याला 'शिकलेला अवापर' म्हटले. इजेनंतर सुरुवातीला हात खरोखरच चालत नाही. प्रत्येक प्रयत्न फसतो, म्हणून मेंदू तो हात वापरणे सोडून देतो. पुढे हाताची क्षमता काहीशी परत येते, पण सवय मोडलेली असते. म्हणजे रुग्णाच्या लुळेपणाचा एक भाग इजेचा आणि एक भाग सवयीचा. जे शिकले गेले, ते विसरवताही येते. हा विचार पुनर्वसनाच्या इतिहासातील एक वळणबिंदू ठरला.

२५.
या शोधाची काळी बाजूही सांगायला हवी. १९८१ मध्ये टाउब यांच्या सिल्व्हर स्प्रिंग येथील प्रयोगशाळेतील माकडांच्या हालांवरून मोठा खटला उभा राहिला आणि अमेरिकेतील प्राणिहक्क चळवळीला त्यातून बळ मिळाले. टाउब यांचे संशोधन थांबले. अपिलात पुढे ते सुटले. त्याच माकडांच्या मेंदूंची तपासणी १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. हाताकडून संदेश येणे थांबलेल्या भागाचा ताबा चेहऱ्याच्या संवेदनेने घेतला होता. प्रौढ मेंदूचा नकाशा बदलतो, याचा हा ठळक पुरावा. ज्ञान कोणत्या किमतीला आले, हेही इतिहासाने नोंदवावे.

२६.
मग हा उपचार माणसांवर आला. चांगल्या हातावर दिवसाचा बहुतेक वेळ जाड हातमोजा घालायचा आणि दुबळ्या हाताकडून तासन् तास कामे करून घ्यायची, असे दोन आठवडे. २००६ साली अमेरिकेत २२२ पक्षाघातग्रस्तांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष आले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे यदृच्छेने रुग्णांचे दोन गट केले होते. हातमोजा गटाचा हात नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटापेक्षा स्पष्टपणे अधिक सुधारला, आणि हा फरक वर्षभरानंतरही टिकून होता. मात्र ज्यांच्या मनगटात नि बोटांत थोडीतरी हालचाल उरली होती, अशांनाच तो उपयोगी होता.

२७.
या उपचारात रुग्ण काय करत असतात? डबे रचणे, फोन उचलणे, घास घेणे. यॉर्कच्या बागेतील फावडे, युद्धकाळातील हातमाग आणि केईएममधील सुतारकाम यांच्यामागची जुनी श्रद्धा आता मोजता येऊ लागली होती. निव्वळ हात वरखाली करण्यापेक्षा हेतू असलेली, पुन्हा पुन्हा केलेली, हळूहळू अवघड होत जाणारी कृती मेंदूला अधिक शिकवते, या दिशेने पुरावा जमत गेला. कमलाबाई १९७९ मध्ये निवर्तल्या. हा पुरावा पाहायला त्या नव्हत्या.

२८.
पण कोणी 'मग व्यायाम जितका लवकर नि जितका अधिक, तितका चांगला' असे म्हणेल, तर त्याने २०१५ची चाचणी पाहावी. पाच देशांतील २१०४ पक्षाघातग्रस्तांपैकी अर्ध्यांना पहिल्या चोवीस तासांतच उठवून, वारंवार चालवण्याचा प्रयत्न झाला. अपेक्षा होती ते सरस ठरतील अशी. तीन महिन्यांनी चांगल्या स्थितीत असणाऱ्यांचे प्रमाण त्यांच्यात ४६ टक्के निघाले, तर नेहमीच्या पद्धतीने उपचार घेतलेल्यांत ५० टक्के. उत्साह मागे पडला, आकडा पुढे आला.

२९.
आता महाराष्ट्राच्या खेड्यांकडे पाहू. पक्षाघात हा शहरी, सुखवस्तू लोकांचा आजार, असा समज होता. डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि 'सर्च' संस्थेतील सहकाऱ्यांनी गडचिरोलीच्या खेड्यांतील मृत्यूंची कारणे तपासली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुमारे दर सात मृत्यूंमागे एक मृत्यू पक्षाघाताचा आढळला. तेथील मृत्यूंचे ते पहिल्या क्रमांकाचे कारण होते. आणि जे वाचतात त्यांच्यापैकी अनेकांना पुढे वर्षानुवर्षे उपचार लागतात. ते देणारा माणूस खेड्यात कुठून आणायचा?

३०.
एक मोहक उत्तर पुढे आले : घरच्यांनाच शिकवू. आपल्याकडे सून, मुलगा, पत्नी रुग्णापाशी असतातच. याच कल्पनेची परीक्षा भारतातील १४ रुग्णालयांत, १२५० पक्षाघातग्रस्तांवर झाली. निम्म्यांच्या कुटुंबीयांना रुग्णालयातच व्यायाम व कृती शिकवून घरी पाठवले, उरलेल्यांना नेहमीचे उपचार. निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात आले. सहा महिन्यांनी मृत किंवा परावलंबी असणाऱ्यांचे प्रमाण एका गटात ४७ टक्के, दुसऱ्यातही ४७ टक्के. फरक शून्य.

३१.
असे 'शून्य' निकाल वर्तमानपत्रांत झळकत नाहीत, पण त्यांचे मोल मोठे असते. केनीबाईंच्या वेळचे सूत्र येथे आठवावे. घरच्यांच्या सेवेने रुग्ण सुधारतोसे वाटते, कारण काही सुधारणा आपोआपही होत असते. तुलनेचा गट नसता तर ही योजना यशस्वी म्हणून देशभर राबवली गेली असती. घरच्यांची माया अमोल आहे, यात शंका नाही. परंतु काही दिवसांच्या शिकवणीने ती प्रशिक्षित उपचारकाची जागा घेऊ शकली नाही. त्या संशोधकांनीही नवा पुरावा मिळेपर्यंत अशा योजनांवर पैसा खर्चू नये, असेच सुचवले.

३२.
आणि येथे १९५०चा तो निर्णय नव्याने समजतो. कमलाबाईंना पर्याय होता. चार स्वयंसेविका जमवून, रुग्णांना विणकाम देऊन, दानशूरांच्या टाळ्या मिळवता आल्या असत्या. त्यांनी विद्यालय काढले, अभ्यासक्रम ठरवला, परीक्षा घेतल्या, संघटना बांधली आणि पुनर्वसनावर नियतकालिकही चालवले. उपचार ही दयेची बाब न ठेवता त्यांनी तिला शिकण्याची, तपासण्याची आणि सुधारण्याची विद्या केले. त्यांनी लिहिलेला भारतातील पुनर्वसनाचा इतिहास त्यांच्या निधनानंतर, १९८० मध्ये प्रकाशित झाला.

३३.
आज महाराष्ट्रात या दोन्ही विद्यांसाठी मिळून एक राज्य परिषद आहे, आणि २०२१च्या केंद्रीय कायद्याने देशपातळीवरही या व्यवसायांना अधिकृत चौकट मिळाली. पोलिओ तर देशातून गेला. शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला. पण पक्षाघात, अपघात आणि मेंदूच्या इजा राहिल्या आहेत. विद्या आहे, पुरावाही आहे. तालुक्याच्या गावात रुग्णाच्या खाटेपाशी शिकलेला हात पोचणे, एवढे बाकी आहे. आणि ते काम घरच्यांवर सोपवून भागत नाही, हे आपल्याच देशातील संशोधनाने दाखवले आहे.

३४.
शेवटी इतिहासाच्या तरुण अभ्यासकांना एक विनंती. सातारा-सांगलीच्या गावांत साठ-सत्तर वर्षांपूर्वी पोलिओ झालेली माणसे आज आजी-आजोबा आहेत. त्यांना कुठे नेले, कोणी मालिश केले, कोणत्या सुताराने कुबडी करून दिली, मुंबई-पुण्याचे किंवा मिरजेचे कोणते रुग्णालय त्यांनी पाहिले, हे अजून कोणी नीट लिहून ठेवलेले नाही. राजवाड्यांची दप्तरे जपली जातात. ही दप्तरे माणसांच्या आठवणीत आहेत. त्यांना विचारा, त्यांच्या परवानगीने टिपून ठेवा. थ्रेड येथे पूर्ण.